गाठीची पिशवी

मुलांच्या वसतिगृहाच्या मेसमागे, भांडी घासायच्या हौदाजवळ खंडेराव रूपनर उकिडवे बसले होते आणि हातातल्या पिशवीची गाठ काही केल्या सुटत नव्हती. पातळ, काळी पिशवी, उरलेल्या वरण-भाताने टम्म फुगलेली. सरकारने बंदी घालून वर्षं झाली तरी या पिशव्या रोज सकाळी उगवायच्याच. बोटं ओली, गाठ निसरडी. दाताने ओढावी असं क्षणभर मनात आलं, आणि त्याच क्षणी मल्हाररावांचं पत्र आठवलं.

त्या पत्राला त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं.

मल्हारराव त्यांचे थोरले भाऊ. चौथीपर्यंत शिकलेले, पुढे जन्मभर मेंढरांमागे. दिवाळी झाली की गावाकडून मेंढरांचं खांड घेऊन निघायचं, दौलताबादच्या बाजूने पडेगावकडे उतरायचं, वाटेत ज्याच्या शेतात बोलावणं असेल तिथे रात्रीची मेंढरं बसवायची, त्याच्या जमिनीला खत आणि यांना धान्य. बापाची वाट तीच, आज्याची तीच. पुढे त्या वाटेवर विद्यापीठ झालं. बाहेरच्या अंगाने लांबलचक दगडी भिंत आली. वाट भिंतीला चिकटून सरकली, पण राहिली. आणि त्याच विद्यापीठात धाकटा भाऊ स्वच्छता विभागात चिकटला, चढत चढत अधीक्षक झाला.

पत्र निळ्या आंतर्देशीय कागदावर होतं. अक्षर मोठं, एकमेकांना ढकलत चाललेलं.

"चि. खंडू यास अनेक आशीर्वाद. औंदा तुमच्या भिंतीकडून मेंढरं आणली. चार मेंढ्या फुगून मेल्या. एक फाडून बघितली. पोटात पिशव्यांचा गोळा निघाला. त्यातली एक गाठीसकट होती. आत भात तसाच. पिशवीवर तुमच्या मेसचं नाव हाय. तू तिथं साहेब हायस. गाठ मारू नका म्हणावं लोकांना. एवढं कर. बाकी ठीक."

पत्र त्यांनी कचेरीत वाचलं, घडी घातली आणि एका पुस्तकात ठेवलं. उत्तर लिहायला बसले तर पहिलंच वाक्य सुचलं ते असं, 'आपला विषय वरिष्ठांच्या कानावर घालतो.' सख्ख्या भावाला असं लिहितात का? खोडलं. दुसरं वाक्य सुचलं नाही. मल्हाररावांनी पुढच्या वर्षापासून वाट बदलली. दौलताबादच्या किल्ल्याला लांबचा वळसा घालून मेंढरं न्यायला लागले. लग्नाकार्यात दोघे भेटायचे, पावसापाण्याचं बोलायचे. पत्राचा विषय ना त्यांनी काढला, ना यांनी.

आणि आता, गणपती उठल्यावर, पुतण्याचा फोन आला होता. आकाशचा.

"काका, वळशाची वाट बी गेली. समदी प्लॉटिंग झाली तिकडं. तारा ठोकल्यात. आता तुमच्या भिंतीकडनंच न्यावं लागतंय. बाबा म्हणतेत, त्या भिंतीकडनं न्यायच्या आधी मेंढरं विकीन. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी यायलाय."

 मेंढरांशिवाय मल्हारराव म्हणजे काय, हे खंडेरावांना डोळ्यांपुढे आणताच येईना.

"साहेब, गाठ सोडायलात का माळ जपायलात?"

मागे सत्यशीलाबाई उभ्या होत्या. सफाईवाल्या बायकांच्या मुकादम. पदर कमरेला खोचलेला, हातात खराटा, आणि जीभ अशी की सफाईचा ठेकेदार त्यांच्याशी बोलताना मोबाइलकडे बघत बोलायचा.

खंडेराव उठले. बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवून बघायची त्यांची सवय. या वेळी ते जुळायच्या आधीच बाहेर पडलं.

"सत्यशीलाबाई, सोमवारपासून गाठ मारलेली पिशवी आपण उचलायची नाही."

"कुठली?"

"कुठलीच नाही. मेस, क्वार्टर, गेस्ट हाऊस. कुलगुरूंचा बंगला."

बाईंनी खराटा भिंतीला टेकवला. "बंगला बी?"

"बंगलाबी." खंडेरावांच्या तोंडून गावची भाषा निघून गेली.

"मागल्या बारीला बी तुमी असंच म्हणले होते. ओला येगळा, सुका येगळा. चार दिवसांनी रजिस्ट्रार साहेबांनी डोळे वटारले, अन् तुमी मला म्हणले, बाई, जाऊ द्या, उचला. त्या चार दिवसांत दारोदार शिव्या कुणी खाल्ल्या?"

"तुम्ही."

"मंग?"

खंडेरावांनी हातातली पिशवी वर धरली. मेंढ्यांचं सांगितलं, पत्राचं सांगितलं, पाडव्याचं सांगितलं. इतकं सलग ते कामावर कधी बोलले नव्हते. बाईंनी ऐकून घेतलं.

"मेंढरांचं तुमी सांगितलं. आता मपल्या बायांचं ऐका. खताच्या खड्ड्यावर ह्या गाठी कोण फोडतंय? केसरबाईच्या बोटाला टाके पडले, गाठीच्या आत ब्लेड होतं. ज्या फोडायला येळ नसतो त्या तशाच ट्रॅक्टरमधी, खदानीत, अन् वाऱ्यानं भिंतीपलीकडं. मला बी नकोच हाय ती गाठ. पण तोंडी हुकूम मी लई ऐकले, साहेब. कागदावर लिवा. खाली दस्तखत करा, तारीख टाका. उद्या ठेकेदार मला म्हणला, उचल नायतर घरी जा, तर दाखवायला मपल्या हातात काय?"

"माझ्या सहीला कोण विचारतंय, बाई?"

"कुणी इचारो नाय इचारो. करा तर."

नोटीस लिहायला त्यांना सबंध दुपार लागली. 'कृपया' घातलं की कुणी वाचत नाही, काढलं की उर्मट वाटतं. 'कृपया' तीनदा आत-बाहेर गेलं. शेवटी राहिलं ते एवढंच: 'सोमवारपासून गाठ मारलेली पिशवी उचलली जाणार नाही. ओला कचरा उघड्या बादलीत ठेवावा.' खाली सही. सही घाईघाईत केली, म्हणून रूपनरमधला र जरा लांब गेला. सत्यशीलाबाईंनी कागद उजेडात धरून पाहिला.

"र पळून चाललाय, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमी नका पळू."

*

सोमवारी बायका क्वार्टरच्या रांगेतून गेल्या आणि गाठीच्या पिशव्या जिथल्या तिथे राहिल्या. दुपारपर्यंत पंधरा-वीस फोन आले. खंडेरावांनी ठरवलं होतं, फोनवर बोलायचं नाही, दारावर जायचं. फोनवर ते नेहमीच हरत.

पहिल्याच दारात एका प्राध्यापकांच्या पत्नी उभ्या होत्या. सगळ्या विद्यापीठात त्यांच्या दाराइतकं स्वच्छ दार नसेल. पिशवीला त्या दुहेरी गाठ मारत आणि वर दोन कान असे काढत की जणू केसाला रिबीन बांधावी.

"गाठ मारली की माश्या बसत नाहीत, वास सुटत नाही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी व्यवस्थित बांधून ठेवते. आणि नोटीस मला? जे रस्त्यावर फेकतात त्यांना जाऊन सांगा ना."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. खंडेराव उत्तर ठरवून आले होते, त्यात पर्यावरण होतं, जबाबदारी होती, मुकी जनावरं होती. यातला एक शब्द तोंडात येईना.  शेवटी त्यांच्या तोंडून निघालं ते दोन शब्दांचं होतं.

"पिशवी राहील."

"म्हणजे?"

"गाठ असेल तर पिशवी इथंच राहील, ताई."

ताईंनी दार लावलं. आपण चुकतोय का, हा प्रश्न घेऊनच खंडेराव पुढच्या दाराशी गेले. तिथेही तेच म्हणाले. तिसऱ्या दाराशी म्हणताना आवाज थोडा स्थिर झाला. माणसाला जन्मात दोन शब्द धड म्हणता आले तरी पुष्कळ झालं, असं त्यांना त्या संध्याकाळी वाटलं.

विद्यापीठाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर त्यांचं बारसं होऊन गेलं होतं. 'गाठसाहेब.' कुणी बुटाचा फोटो टाकला, 'नाडीला गाठ आहे, रूपनर साहेब आत सोडतील का?' कुणी लग्नाचा फोटो टाकला, 'ही गाठ चालेल का?' त्याखाली हसून रडणारे चेहरे. खंडेरावांनी सगळं वाचलं, मोबाइल उपडा ठेवला आणि मेसकडे गेले.

मेसचा ठेका रामकिसनकडे होता. बोलायला गोड, आणि हिशोबात कधी न चुकणारा माणूस. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

"भाऊ, टेन्शन कशाचं? आपला ट्रॅक्टर हाय ना. दिवस मावळला की मागच्या गेटनं काढतो, खदानीत पलटी करतो. तुमची नोटीस बी राहील, माझी मेस बी साफ. तुमी पाहिलं नाय, मी सांगितलं नाय."

"मागच्या गेटला कुलूप आहे."

"किल्ली वॉचमनकडं असते."

खंडेरावांनी शर्टाच्या वरच्या खिशावर हात ठेवला. "आजपासून इथं असते."

रामकिसन हसला, मग हसायचा थांबला. "भाऊ, उन्हाळ्यात रिटायर होणार तुमी. शेवटी शेवटी कामून दुश्मनी घेता?"

"चहा चांगला होता," खंडेराव म्हणाले आणि उठले. बाहेर आल्यावर कळलं, कपाला हातही लावला नव्हता.

घरी बायकोने, राजाबाईंनी, ताट वाढलं. शेजारच्या दोघी-तिघींकडून त्यांच्या कानावर सगळं आलेलंच होतं.

"अहो, काढून टाकलं मंजे?"

"काढत नसतेत एवढ्यावर. त्रास देतेत."

"अन् बंगल्यावरची पिशवी? ती बी ठिवली?"

"व्हय."

राजाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. मग, न विचारता, त्यांनी ताटात आणखी एक भाकरी टाकली. "भाऊजींचं खांड इकलं गेलं तर त्या माणसाचं दिवसभर व्हायचं काय? खा."

*

गोष्ट तिथेच थांबली असती तर कदाचित कुणी मनावर घेतलं नसतं. पण त्याच आठवड्यात, गुरुवारी, मानांकन समिती यायची होती. बुधवारी दुपारी कुलसचिवांचं बोलावणं आलं.

कुलसचिव वैजापूरकर वाईट माणूस नव्हते. दमलेला माणूस होता. टेबलावर फायलींचे मनोरे, त्यामागे ते, आणि त्यांच्या मागे भिंतीवर 'हरित परिसर, सुंदर परिसर' असा फलक.

"या, खंडेराव. तुम्ही इतके शांत. तुमच्या अंगात हे आलं कधी?"

"उशिरा आलं, सर."

"उद्या समिती आहे. हरित परिसराला वेगळे गुण आहेत. आणि क्वार्टरसमोर पिशव्यांच्या रांगा! कुलगुरूंच्या फाटकातसुद्धा. सांगा, मी काय दाखवू त्यांना?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "संध्याकाळपर्यंत सगळं उचला. समिती गेली की करा तुमचा उपक्रम. मी स्वतः उद्घाटनाला येतो. फोटो काढू."

खंडेरावांनी बरोबर आणलेली कापडी पिशवी उघडली. आतून गेस्ट हाऊसची काळी पिशवी काढली, गाठ मारलेली, आणि टेबलाच्या काचेवर ठेवली. आपण हे करतोय यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

"हे काय?"

"ही गाठ सोडून बघा, सर. एकदाच."

"खंडेराव, माझ्याकडे वेळ..."

"एकदाच, सर."

कोण जाणे काय वाटलं, कुलसचिवांनी पिशवी ओढली. एक टोक धरलं, दुसरं ओढलं. गाठ आणखी आवळली. त्यांनी नखाने प्रयत्न केला, अंगठ्याने केला. मधेच फोन वाजला, तो त्यांनी बंद केला आणि पुन्हा पिशवीला लागले. आता ते खरोखरच सोडवत होते, लहान मूल एखाद्या गोष्टीला हट्टाने लागतं तसे. काचेवर भाताचं पाणी ठिबकलं. शेवटी त्यांनी पिशवी बाजूला सारून ड्रॉवर उघडला.

"त्यासाठी कात्री असते."

"मेंढीला बोटंसुद्धा नसतात, सर. तिला वास येतो भाताचा. मग ती पिशवीसकट गिळते. माझ्या भावाच्या मेंढ्यांनी आपल्याच मेसच्या गिळल्या. आता पाडव्याच्या आत ही वाट साफ झाली नाही तर तो सगळं खांड विकणार आहे."

 कुलसचिवांना हात पुसायला काही सापडेना म्हणून ते तसेच धरून बसले.

"मला पटतंय," ते म्हणाले. "खरंच पटतंय. पण उद्या समिती आहे."

"पिशवी राहील, सर."

"मग तुम्ही राहणार नाही, खंडेराव. त्या खुर्चीवर तरी नाही."

"बरं."

एवढंच म्हणून खंडेराव उठले. मग परत फिरले. खिशातून रुमाल काढून काचेवरचं भाताचं पाणी पुसलं, गाठीची पिशवी उचलून कापडी पिशवीत ठेवली आणि बाहेर आले. जिन्यावर त्यांनी कठडा धरला आणि एक एक पायरी उतरले.

तासाभरात आदेश निघाला. स्वच्छता विभागाचा कार्यभार काढून घेतला, रवानगी अभिलेख कक्षात, आणि सोबत कारणे दाखवा नोटीस. सफाईवाल्या बायकांच्या शेडकडे जाऊन त्यांनी सत्यशीलाबाईंना सांगितलं. सांगताना मान खाली.

"माझा चार्ज गेला, बाई. आता तुमच्यावर आलं तर मी मधे नसणार. तुम्ही तुमचं बघा. उचललं तरी मी काही म्हणणार नाही."

"तुमचा चार्ज गेला. कागद गेला का?"

"म्हणजे?"

"नोटीस मागं घेतली का कुणी? लिवून?"

"लिहून... नाही."

"मंग झालं की." बाईंनी शेडच्या दारावर बोट ठेवलं. तिथे खंडेरावांची नोटीस होती, चकचकीत, चारी बाजूंनी बंद केलेली. "परवाच औरंगपुऱ्यात जाऊन लॅमिनेट करून आणली. पावसात बी भिजायची नाय. जा तुमी तुमच्या अभिलेखात. बिनघोर जा."

*

पुढचं खंडेरावांनी काही डोळ्यांनी पाहिलं, काही नंतर ऐकलं.

स्वच्छतेचा कार्यभार बांधकाम विभागातल्या एका इंजिनियर साहेबांकडे गेला होता. ते संध्याकाळी मोटरसायकलवरून शेडवर आले. गाडी बंदसुद्धा केली नाही.

"चला, पिशव्या उचला सगळ्या. तासात साफ पाहिजे."

"व्हय साहेब, आत्ता उचलते," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तेवढं लिवून द्या."

"काय लिहून?"

"हेच. गाठ मारलेल्या पिशव्या उचलाव्या, न उघडता खदानीत टाकाव्या. खाली तुमची दस्तखत. ह्या नोटिशीखाली तुमची नोटीस लावते, म्हणजे मला बी बोल नाय अन् तुमाला बी नाय."

साहेबांनी नोटीस पाहिली. सत्यशीलाबाईंकडे पाहिलं. मागे बायका ओळीने उभ्या, खराटे हातात. केसरबाईंच्या बोटाला पट्टी.

"मोबाइलवर मेसेज टाकतो."

"मला मोबाइलवरचं वाचता येत नाय, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांच्या मुलीचे दिवसभरात पन्नास मेसेज त्या वाचत, आणि तितकीच उत्तरं देत.

इंजिनियर साहेब कुलसचिवांकडे गेले. कुलसचिव म्हणाले, कार्यभार तुमच्याकडे आहे, तुम्ही सही करा. साहेब म्हणाले, आदेश आपला आहे, आपण करा. दुसऱ्या दिवशी हरित परिसर बघायला समिती येणार, आणि आदल्या संध्याकाळी, तारीख घालून, पिशव्या न उघडता खदानीत टाका, असं लिहून खाली कुणी नाव घालायचं? कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि शेवटी कुठेच गेला नाही.

गुरुवारी सकाळी अभिलेख कक्षाच्या खिडकीतून खंडेरावांनी पाहिलं ते हे: क्वार्टरच्या रांगेत, बंगल्याच्या फाटकापाशी, मेसच्या मागे, जिथे जिथे पिशव्या होत्या तिथे तिथे रोपवाटिकेतली हिरवी जाळी पडद्यासारखी ताणली होती. समोर कुंड्या. समितीची गाडी हळू गेली. नंतर कळलं, समितीतल्या एका सदस्यांनी हिरव्या जाळीचं खास कौतुक केलं म्हणून. तो रिकामा कक्ष, धूळ, जुन्या फायली, आणि एकटेच खंडेराव तोंडावर हात ठेवून हसत होते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं हे त्यांना सांगता आलं नसतं.

शिक्षा म्हणून मिळालेली ही जागा तशी त्यांच्या मनासारखीच होती. कुणाशी बोलावं लागत नव्हतं, आणि वाचायला कागद रगड. फक्त रोज खिडकीशी जाऊन पिशव्या पाहायची सवय लागली.

सफाईच्या ठेकेदाराने दुसऱ्या बायका आणायची धमकी देऊन पाहिली. एक दिवस टेम्पो भरून आणल्याही. त्या शेडच्या दारावरची नोटीस वाचून सत्यशीलाबाईंशी बोलत बसल्या, चहा पिऊन गेल्या. जाळीच्या आत पिशव्या सडायला लागल्या. वास दारातून बैठकीत, बैठकीतून देवघरात गेला. आणि मग एका सकाळी, दुहेरी गाठीच्या ताईंच्या दाराशी, पिशवीच्या जागी एक बादली दिसली. उघडी नाही. माश्या बसू नयेत म्हणून तिच्यावर जुनं स्टीलचं ताट झाकलेलं.  सत्यशीलाबाईंनी ताट उचललं, बादली रिकामी केली, आणि ताट नळाखाली धुऊन पुन्हा होतं तसं झाकून ठेवलं. आठवड्याभरात रांगेतल्या बहुतेक बादल्यांवर ताटं आली. कुणाचं तडा गेलेलं, कुणाचं लग्नातलं, नाव कोरलेलं. बंगल्यावर तर झाकणाची नवी बादली आली.

शेवटी राहिली मेस. एक दिवस रामकिसन स्वतः अभिलेख कक्षाच्या दारात उभा.

"ड्रम आणले, भाऊ. उघडे. तुमच्यासाठी नाय हां, गैरसमज नको. वासानं पोरं जेवंनात."

"बरं केलं."

"अन् मागच्या गेटची किल्ली?"

खंडेरावांनी खिशावर हात ठेवला. कार्यभार गेला होता, किल्ली कुणी मागितलीच नव्हती. "राहू दे," ते म्हणाले.

*

दसरा झाला. खंडेरावांनी आकाशला फोन लावला. "बाबाला सांग, आता पिशव्या बाहेर पडत नाहीत. व्यापाऱ्याला नाही म्हण."

"तुमीच सांगा काका. इथंच बसलेत." फोनमध्ये घंटांचा आवाज आला, कुत्रं भुंकलं, मग मल्हाररावांचा खाकरल्याचा आवाज.

"दादा, मी खंडू."

"ऐकू यायलंय."

"दादा, भिंतीकडची वाट..."

"खंडू," पलीकडून आवाज आला, थकलेला पण अजून वाकलेला नाही असा. "मी तुला पत्र लिवलं व्हतं. त्याचं काय?"

आणि फोन आकाशकडे गेला. "काका, बाबा उठून मेंढराकडं गेले."

त्या रविवारी खंडेराव राजाबाईंना घेऊन भिंतीच्या बाहेरून चालायला निघाले. आत पिशव्या थांबल्या होत्या, पण जुन्या कुठे जाणार? बाभळीच्या काट्यांना चिंध्या लटकत होत्या, दगडांच्या फटीत पांढरे गोळे. खंडेराव काठीने ओढायचे, राजाबाई पोत्यात भरायच्या. बाभळीच्या एका बुंध्याशी मातीत अर्धी रुतलेली एक पिशवी निघाली. रंग उडाला होता, मेसचं नाव पुसट झालं होतं. गाठ मात्र तशीच होती, घट्ट. राजाबाईंनी हात पुढे केला, पण ती खंडेरावांनी स्वतःच पोत्यात टाकली.

वळणावर पोचले तर समोरून खराट्यांचा आवाज. सत्यशीलाबाई, केसरबाई, आणखी दोघी.

"आज रविवार, बाई," खंडेराव म्हणाले.

"मला ठाव हाय. मेंढरं बघायचीत मला. मपल्या नातीला दाखवायचीत. पण आधी वाट तर पाहिजे." त्यांनी राजाबाईंकडे पाहिलं. "वहिनी, पोतं धरा नीट. साहेबांचं ध्यान नाय."

दुपार कलेपर्यंत वाट खदानीपर्यंत मोकळी झाली. संपूर्ण साफ म्हणता आली नसती. पण मेंढरू मान खाली घालून चाललं तर त्याच्या तोंडाला गवत लागेल एवढी झाली.

सोमवारी कचेरीला जाताना खंडेराव पडेगावच्या पोस्टात शिरले. आंतर्देशीय पत्र शिल्लक नव्हतं. कार्ड मागितल्यावर खिडकीतल्या बाबूने आश्चर्याने वर पाहिलं.

"कार्ड? कुणाला पाठवता हो आता?"

"भावाला."

"फोन नाही का त्यांच्याकडे?"

"आहे," खंडेराव म्हणाले. "पण पत्र आलं होतं."

कोपऱ्यातल्या उभ्या टेबलावर त्यांनी कार्ड ठेवलं. किती वर्षं ते हे उत्तर मनात लिहीत आणि खोडत आले होते. कार्डावर खोडायला जागा नसते.

"ती. दादा यांस सा. न. तुझं पत्र मिळालं. उत्तराला फार उशीर झाला. गाठ मारू नका म्हणून लोकांना सांगितलं. मी आता तिथं साहेब नाही, पण सांगितलेलं टिकलं आहे. भिंतीकडची वाट चालून पाहिली. काही राहिलं असेल तर मी पुढे काठी घेऊन चालेन. मेंढरं विकू नकोस. दिवाळी झाली की याच वाटेनं आण. तुझा, खंडू."

मल्हाररावांना आता जवळचं दिसत नव्हतं. आकाश मोठ्याने वाचून दाखवेल, मेंढरांच्या वाड्यापाशी उभा राहून. 'फार उशीर' हे वाचताना तो थांबेल का? 'फार' नको होता का? नुसतं 'उशीर झाला' बरं दिसलं असतं? की उलट, तेवढंच एक खरं होतं?

हा विचार करत असतानाच त्यांनी कार्ड लाल पेटीच्या तोंडात सरकवलं. आत पेटी जवळजवळ रिकामी असावी, कार्ड तळाशी पडल्याचा आवाज आला. खंडेरावांनी नकळत बोटं आत घातली. पेटीचं तोंड अरुंद होतं, बोटांच्या पुढे हात जात नव्हता. ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग हात बाहेर काढला, खिशातली किल्ली चाचपली आणि भिंतीच्या बाजूने चालायला लागले.